तिसऱ्या मजल्यावरची मधली खोली

१

आयाबाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, सवयीनं मधल्या दारापुढे थांबल्या, आणि बघतात तर दार नव्हतं.

कुलूप बदललंय किंवा कुणी दार फोडलंय, असं काही नाही. दारच नव्हतं. चौकट नाही, उंबरा नाही, कडी नाही. डावीकडे मास्तरांचं दार, उजवीकडे बसड्रायव्हरचं दार, आणि मधे कोरी, पिवळट, नव्या रंगाची भिंत. आयाबाईंनी भिंतीवर हात फिरवला. भिंत थंडगार होती.

"मला वाटलं मजला चुकला," त्यांनी भाडेबाईंना सांगितलं. "म्हणून खाली जाऊन पुन्हा वर आले. कठड्याला धरून धरून, पायात जीव नव्हता हो. पुन्हा तीच भिंत."

भाडेबाई म्हणजे भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या बाई. त्यांचं खरं नाव कार्यालयातही फारसं कुणी घेत नसे. मालक त्यांना कटकट म्हणत, भाडेकरू आधार म्हणत, आणि त्यांची वहिनी, जिच्या घरातल्या बोळात त्यांची कॉट होती, ती काहीच म्हणत नसे. फक्त कॉटवरून वाकून जाताना सुस्कारा टाकत असे. फुटलेले नळ, तोडलेली वीज, रात्रीतून बाहेर फेकलेलं सामान, सगळं त्यांनी पाहिलं होतं. चोरीला गेलेली अख्खी खोली त्यांच्या टेबलापर्यंत पहिल्यांदाच आली होती.

"शेजाऱ्यांना विचारलंत?"

"विचारलं की. ड्रायव्हरच्या बायकोनं दार उघडलं आणि मला बघून किंचाळली. हातातलं पातेलं पडलं. भूत बघावं तशी. आणि मास्तर बाहेर आले, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, 'बाई, या मजल्यावर दोनच खोल्या आहेत. पहिल्यापासून.' एकवीस वर्षं शेजारी राहिलेत ते माझ्या. त्यांच्या आजारपणात पेज मी करून दिलीय."

"तेव्हा आणखी कोणी होतं तिथे?"

"एक माणूस होता. नवा मालक, म्हणे. जुने मालक गेले, हा त्यांचा पुतण्या. तोही बोळात उभा राहून दारांकडेच बघत होता."

आयाबाईंच्या शेजारी त्यांची भाची बसली होती. बावीस-तेवीसची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मांडीवर दुपट्यात झोपलेलं बाळ. मावशी बोलत असताना तिनं हळूच कपाळापाशी बोट नेलं आणि भाडेबाईंकडे बघून मान हलवली.

"डोक्याला मार लागलाय ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मावशी हॉस्पिटलात कामावर असतानाच ओल्या फरशीवर घसरली. कित्येक दिवस शुद्ध नव्हती. मग बोलायला लागली तरी काहीबाही बोलायची. डॉक्टर म्हणाले, आठवणी इकडच्या तिकडे होतात."

"मी पडले त्या दिवशी तुला किल्ली दिली होती ना?" आयाबाई तिच्याकडे वळल्या. "स्ट्रेचरवरून. कपडे आण म्हणाले."

"नाही गं मावशी. तू तापात बोलायचीस. कपडे मी माझेच आणायचे."

आयाबाईंचा चेहरा पडला. भाडेबाईंना वाटलं, ही बाई आत्ता आपल्या डोळ्यांदेखत स्वतःवरचा विश्वास घालवून बसतेय.

"भाड्याची पावती?"

"ट्रंकेत. ट्रंक खोलीत." आयाबाई कसंनुसं हसल्या. "आणि खोली नाही."

"आत्ता कुठे राहता?"

"हॉस्पिटलात. मेट्रनबाईंनी चादरींच्या कोठीत बाकावर झोपायला दिलंय. नव्या साहेबांना कळलं की तेही जाईल. हिच्याकडे जागा नाही. ही बायकांच्या वसतिगृहात असते, नवरा गोदामात झोपतो."

"तुम्ही मावशींची खोली पाहिलीय?" भाडेबाईंनी भाचीला विचारलं.

"कधीच नाही. लग्न होऊन या शहरात आले. मावशीच यायची माझ्याकडे."

"खरं आहे," आयाबाई म्हणाल्या. "ही कधी आली नाही."

भाडेबाईंनी दुसऱ्या दिवशी जाऊन यायचं ठरवलं. दोघी उठल्या. दारात भाची थांबली, मागे वळली आणि मनापासून म्हणाली, "जपून चढा हं बाई. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा नाहीये."

२

खरंच नव्हता. वळणावर भाडेबाईंचा हात हवेतच गेला आणि त्या भिंतीला चिकटून वर चढल्या. खालच्या दोन्ही मजल्यांवर काही दारांना एकसारखी नवी कोरी पितळी कुलपं होती. तिसऱ्या मजल्यावर एकही नव्हतं.

बोळ अगदी सांगितल्याप्रमाणे. दोन दारं, मधे भिंत. सगळ्या बोळालाच नवा रंग दिला होता, त्यामुळे कुठला भाग जुना आणि कुठला नवा हे कळायला मार्ग नव्हता. मात्र भिंतीच्या पायथ्याशी, जिथे कुणाला थांबायचं काही कारण नव्हतं, तिथली फरशी बशीसारखी झिजून खोलगट झाली होती. मास्तरांच्या दारापुढे होती तशीच.

त्या वाकून बघत होत्या तेवढ्यात उजवीकडचं दार उघडलं.

"इथे कधीच खोली नव्हती," ड्रायव्हरची बायको म्हणाली.

"मी अजून काही विचारलं नाही," भाडेबाई म्हणाल्या.

बाईचा चेहरा लाल झाला. तिनं त्यांना आत बोलावलं. खोली छोटी, सासू खाटेवर, दोन मुलं खाटेखाली अभ्यास करत बसलेली, ड्रायव्हर दुपारच्या पाळीला गेलेला. एवढ्या जागेत कुणी एक चमचाही जास्तीचा लपवू शकलं नसतं.

"त्या बाईंना तुम्ही ओळखत नाही?"

"कुठल्या?"

"ज्यांना बघून तुमच्या हातातलं पातेलं पडलं."

सासूनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग ड्रायव्हरची बायको वेगळंच बोलायला लागली. "आम्ही दोन वर्षं दुसरं घर शोधलं, बाई. दलाल आधी विचारतो माणसं किती, मग विचारतो पगार किती, मग हसतो. इथून निघालो तर हे पाळीला डेपोत पोचणार कसे? मुलांची शाळा इथे आहे."

"तुम्हाला कोणी निघा म्हणालंय का?"

तिचं उत्तर येण्याआधीच भिंतीपलीकडून कुठूनसा एक बारीक, किरटा आवाज आला. आला आणि एकदम दाबल्यासारखा बंद झाला.

"मांजर," ती घाईनं म्हणाली. "मास्तरांचं."

मास्तरांनी भाडेबाईंना आदरानं आत घेतलं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेला, एकटा, नीटनेटका माणूस. एक खिडकी, तिच्याखाली टेबल, एका भिंतीला पुस्तकांची लाकडी मांडणी. कॉट मात्र भिंतीला न लावता खोलीच्या मधोमध, येताजाताना अडथळा होईल अशी. मांडणीच्या कडेला फरशीवर एक ओरखडा होता, वाकडा, धनुष्यासारखा. भाडेबाईंनी तो पाहिला आणि त्यांना काही कळलं नाही. त्या दिवशी त्यांना कशाचाच अर्थ लागत नव्हता.

"चहा घ्या," मास्तर म्हणाले. तयार चहा स्टोव्हवर होता. एकट्या माणसाच्या मानानं भांडं बरंच मोठं होतं.

"जिन्याचा कठडा कधी गेला?"

"परवा. मालकाची माणसं काढून घेऊन गेली. दुरुस्तीला म्हणे." मास्तरांनी कप पुढे केला. "दुरुस्ती कसली. म्हातारी माणसं घाबरून आपणहून जावीत म्हणून."

"आणि तुमचं मांजर बरं आहे ना?"

मास्तर गोंधळले. "मांजर? माझं कुठलं? मला तर मांजराच्या केसांनी धाप लागते. ड्रायव्हरांकडे असेल."

"त्या म्हणाल्या तुमचं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आलात?"

"खोली गेलीय तिच्या बाजूनं."

"मग एक करा. परत जा. खोली नव्हती असं लिहून टाका. त्यातच तिचंही भलं आहे."

हे ते धमकीच्या सुरात बोलले असते तर भाडेबाईंना बरं वाटलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

३

कार्यालयात भाडेबाईंच्या टेबलासमोर नवा मालक बसलेला. चाळिशीचा, चांगल्या कपड्यांतला, आणि चेहऱ्यावरून पार वैतागलेला.

"तुम्ही माझ्या इमारतीत गेला होतात," तो म्हणाला. "मला एकच सांगा. तिसऱ्या मजल्यावर खोल्या किती?"

भाडेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे तुम्ही मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू? काकांनी कागद म्हणून काही ठेवला नाही. सगळं त्यांच्या डोक्यात, आणि डोकं त्यांच्याबरोबर गेलं. तिसऱ्या मजल्याचं भाडं मास्तर एकत्र गोळा करून देतात, काकांपासूनची पद्धत. मला लहानपणचं आठवतंय, तिसऱ्यावर तीन दारं होती. मी बघायला गेलो, तर दोन. मास्तर म्हणतात दोनच होती. तेवढ्यात ती बाई वर आली आणि म्हणायला लागली, माझी खोली कुठे. मला वाटलं वेडी आहे. घरी गेल्यावर वाटलं, वेडा मी आहे."

भाडेबाईंचा सगळा संशय याच्यावर होता. म्हातारी हॉस्पिटलात, खोली बंद, मालकानं डाव साधला, हे त्यांनी मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं. पण खोली हवी असलेला मालक खोलीचं दार कशाला बुजवेल? तो कुलूप लावेल, ताबा घेईल. खालच्या मजल्यांवर त्यानं तेच केलं होतं.

"ती खोली असली काय, नसली काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

तो जरा घुटमळला, मग स्पष्टच बोलला. इमारतीत त्याला पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. रात्रीच्या भाड्यानं देण्याच्या, पांढऱ्या चादरी, भिंतीवर चित्रं. त्यासाठी इमारत पूर्ण रिकामी करायची परवानगी हवी, आणि ती दर मजल्यावर निदान एक खोली रिकामी असल्याशिवाय मिळत नाही. पहिला झाला, दुसरा झाला. तिसरा अडला होता.

"ती बाई खरं बोलत असेल, तर तिची खोली कित्येक महिने बंद होती. बंद खोली म्हणजे नियमानं रिकामी खोली. तुम्हाला सापडली तर आधी मला सांगा."

"मागून खिडक्या मोजल्यात?"

"मोजल्या. तीन आहेत. मास्तर म्हणाले, त्यातल्या दोन त्यांच्या. आत येऊ देत नाहीत, आधी लेखी कळवा म्हणतात. तो त्यांचा हक्कच आहे."

तो गेला. दुपारी भाडेबाई स्वतः मास्तरांच्या खोलीत चहा प्यायल्या होत्या. तिथे खिडकी एकच होती.

म्हणजे खोली होती. ती जागच्या जागी होती, तिला खिडकी होती, आणि तिच्यात काहीतरी मांजरासारखं रडत होतं. हे सिद्ध करणं आता अवघड नव्हतं. पण सिद्ध केल्याक्षणी ती मालकाच्या तोंडी जाणार होती, तिच्या मागोमाग मास्तर, ड्रायव्हर, त्याची म्हातारी आई, सगळे. आणि सिद्ध नाही केली, तर आयाबाई बाकावरच मरणार, आपण वेड्या आहोत असं समजून.

त्या रात्री वहिनी कॉटवरून वाकून गेली, सुस्कारा टाकला, आणि भाडेबाईंना पहिल्यांदाच तिचा राग आला नाही. कुणाच्याच घरात जागा नव्हती. त्यात राग कुणाचा करायचा?

पण झोप काही लागेना. एक गोष्ट मनात रुतून बसली होती. कठडा परवा काढला, असं मास्तर म्हणाले. आयाबाई भिंत बघून आल्या त्याला दोन आठवडे झाले होते, आणि त्या कठड्याला धरूनच वर चढल्या होत्या.

मग जी त्या इमारतीत कधी गेलीच नाही, तिला कठडा नाही हे कुणी सांगितलं?

४

बायकांचं वसतिगृह बाजाराच्या मागे होतं. व्यवस्थापिका जाडजूड, तोंडाळ, पण मनानं वाईट नसावी.

"तान्ह्या मुलाला आम्ही आत घेत नाही," ती म्हणाली. "नियमच आहे. ती मुलगी आली होती हो, आठवतेय मला. पोट पुढे घेऊन एकदा आली, तेव्हा म्हटलं बाळंत झाल्यावर कुठे जाशील? मग बाळ घेऊन आली. पहिल्या घरमालकानं रडण्याचा आवाज होतो म्हणून काढलं होतं. दारात बसून रडली. मी तरी काय करू? माझी नोकरी आहे."

"मग गेली कुठे?"

"बसस्थानकावर बसलेली दिसायची. नवरा-बायको दोघंही. बाळाला मांडीवर घेऊन. मग एक दिवस दिसेनाशी झाली. मला वाटलं, गावाला गेली असतील."

भाडेबाई तिथून हॉस्पिटलात गेल्या. चादरींच्या कोठीत आयाबाई बाकावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. फुकट राहायला नको, म्हणून.

"भाची नेहमी येते?"

"मी बेशुद्ध होते तेव्हापासून. केस विंचरून द्यायची, पाय चेपायची. पोटच्या पोरीनं केलं नसतं." मग त्या खाली बघत म्हणाल्या, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी काल रात्रभर विचार केला. खोली नसेलच. मला पडद्याचा रंगसुद्धा आठवत नाहीये आता."

भाडेबाईंनी त्यांच्या हातातला अभ्रा काढून बाजूला ठेवला.

"रविवारी सकाळी तयार राहा," त्या म्हणाल्या. "भाचीलाही बोलवा. आपण मास्तरांकडे चहाला जातोय."

५

मास्तरांच्या खोलीत एवढी माणसं पूर्वी कधी बसली नसावीत. ड्रायव्हर दाराला पाठ लावून, त्याची बायको त्याच्याशेजारी, आयाबाई खुर्चीवर, भाची बाळाला घेऊन कोपऱ्यात. मास्तर कॉटच्या कडेला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

भाडेबाईंनी आवाज चढवला नाही.

"मी मालकावर संशय घेतला आणि तिथेच चुकले," त्या म्हणाल्या. "खोली गायब करून मालकाचा तोटाच होता. फायदा तुमचा होता, मास्तर. रिकामी खोली नसेल तर मजला अडतो, मजला अडला तर इमारत वाचते. तुम्ही सगळ्यांनी मिळून दार बुजवलंत आणि पत्ता लागू नये म्हणून अख्खा बोळ रंगवलात. मालकाला म्हणालात, दोन खिडक्या तुमच्या. मी तर इथे एकच बघतेय."

ड्रायव्हरनं मान खाली घातली. "माझा मेहुणा गवंडी आहे. त्यानं एका दिवसात केलं."

"पण मी होते ना," आयाबाई म्हणाल्या. "खोली रिकामी कुठे होती? मी जिवंत होते."

"हाच प्रश्न मलाही पडला होता," भाडेबाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांच्या शेजारणीशी ही माणसं अशी का वागतील? उत्तर ड्रायव्हरच्या बायकोच्या किंचाळण्यात होतं. परत आलेल्या शेजारणीला बघून कोणी किंचाळत नाही. तिला वाटत होतं, तुम्ही मेलात."

"आम्हाला तसंच सांगितलं होतं," ड्रायव्हरची बायको पुटपुटली. तिनं कोपऱ्याकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

"तू कार्यालयात आलीस त्याच्या आदल्याच दिवशी कठडा निघाला होता," भाडेबाई भाचीला म्हणाल्या. "आणि तू मला जपून चढा म्हणालीस. मी पडू नये असं तुला मनापासून वाटलं, म्हणून तू सापडलीस."

भाचीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. बाळ जागं झालं आणि किरट्या आवाजात रडायला लागलं. अगदी मांजरासारखं. मास्तर उठले, पुस्तकांच्या मांडणीला खांदा लावला, आणि मांडणी त्या वाकड्या ओरखड्यावरून सरकली. मागे एक बुटकं दार होतं. कधीकाळी दोन्ही मिळून एकच मोठी खोली होती, त्या काळातलं. पलीकडून आयाबाईंचा पलंग त्याला लागून होता, म्हणून त्या दाराचा सगळ्यांना विसर पडला होता.

दार उघडलं. पलीकडे निळा पडदा होता.

"निळा," आयाबाई म्हणाल्या. बाकी काही नाही.

भाची बोलली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. "किल्ली तू दिलीस. मी कपडे आणायलाच आले होते. बाहेर थंडी होती आणि बाळाला खोकला होता. म्हटलं एक रात्र झोपू. मग यांनी विचारलं, तू कोण, आयाबाई कशा आहेत. डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते, आशा धरू नका. माझ्या तोंडून निघालं, गेली. मला वाटलं, उद्या-परवा खरंच होईल."

"आणि मग मी शुद्धीवर आले."

"मग भिंत झाली होती."

"आम्हाला तुम्ही दिसलात," मास्तर म्हणाले, "आणि शेजारी मालक उभा. मी खोली आहे म्हटलं असतं, तर त्यानं त्याच क्षणी कुलूप मागवलं असतं. तोंडातून गेलं, दोनच आहेत. वाटलं, तो गेला की तुम्हाला गाठून सांगू. मग मी समजलो ड्रायव्हर सांगेल, ड्रायव्हर समजला मी सांगेन. आणि पोरीला हाकलायचं तर बाळाला कुठे हाकलायचं?"

"मला विचारायचं होतंस," आयाबाई भाचीला म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यावर तरी. मी नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलंस. पण यांना कळलं असतं मी खोटं बोलले."

"म्हणून मला वेडी ठरवलंस. रोज. केस विंचरता विंचरता."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कठड्याशिवाय, भिंतीला घासत, कोणीतरी वर येत होतं.

६

मालकाला आज रविवारी इकडे कुणी बोलावलं होतं, हे कुणीच विचारलं नाही. भाडेबाईंनी बोलावलं होतं.

तो दारात उभा राहिला, सरकलेली मांडणी पाहिली, मागचं दार पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटकेचा भाव आला. "म्हणजे मी वेडा नाही."

"नाही," भाडेबाई म्हणाल्या. "खोली आहे. 'आधी मला सांगा' म्हणाला होतात, म्हणून सांगतेय. पण ती बंद नव्हती. भाडेकरू हॉस्पिटलात असताना त्यांच्या घरची माणसं सगळा काळ इथेच राहत होती. भाची, तिचा नवरा, मूल. भाडेकरूच्या संमतीनं नात्यातली माणसं राहत असतील, तर ती खोली रिकामी धरत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक आहे."

मालक आत आला. त्यानं बाळाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. मूर्ख नव्हता तो. ज्या घरात माणसं हक्कानं राहतात, त्या घराचं दार कोणी बुजवत नाही, हे त्यालाही कळत होतं.

"दार बुजवलंत त्याचं वेगळं बघू," तो म्हणाला. मग सरळ आयाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, तुम्ही सांगा. फक्त तुम्ही. ही मुलगी इथे तुमच्या संमतीनं राहत होती का?"

ड्रायव्हरच्या बायकोनं नवऱ्याचं मनगट धरलं. भाडेबाईंनी या क्षणाचा आठवडाभर विचार केला होता आणि तरी त्यांना आता काहीच सुचत नव्हतं. नाही म्हणायचा आयाबाईंना पूर्ण हक्क होता. भाचीनं खोटं बोलून त्यांचं घर गिळलं होतं, आणि घरापेक्षाही मोठं काहीतरी. नाही म्हटलं, तर खोली जाणार, मजला जाणार, इमारत जाणार. पण या माणसांनी त्यांना बोळात उभं करून तोंडावर नाकारलं होतं. त्यांना यांचं काय देणं?

आयाबाई भाचीकडे बघत होत्या. भाची मान वर करत नव्हती.

"किल्ली मीच दिली होती," आयाबाई म्हणाल्या. "स्ट्रेचरवरून. माझ्या हातानं."

"राहायला?"

"घराची किल्ली माणूस कशाला देतं?"

मालकानं खांदे उडवले, आठ दिवसांत बोळातलं दार होतं तसं करा म्हणाला, आणि निघाला. "आणि वळणावर कठडा लावून द्या," भाडेबाई मागून म्हणाल्या. "नाहीतर त्याची तक्रार मीच लिहीन." पावलं भिंतीला घासत खाली गेली.

मास्तर कॉटवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. ड्रायव्हर मेहुण्याला फोन करायला बाहेर गेला. त्याची बायको आयाबाईंच्या पायाशी येऊन बसली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आयाबाईंनी हात वर केला. आत्ता नाही.

त्या उठल्या. बुटक्या दारातून वाकून आत गेल्या. भाडेबाईंनी बाहेरूनच पाहिलं, त्या ट्रंकेला हात लावत होत्या, भिंतीला, खिडकीच्या गजांना. पलंगावर लंगोट वाळत घातले होते. ते त्यांनी गोळा केले आणि नीट घड्या करून उशाशी ठेवले.

"बाळाला आण," त्यांनी हाक मारली.

भाची आत गेली. आयाबाईंनी बाळ घेतलं, पलंगावर बसल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही इथेच राहायचं. कुठे जाणार? पण आता तू सांग."

"काय सांगू?"

"मला काय झालं होतं ते."

भाची त्यांच्याशेजारी पलंगावर टेकली. "तुला काही झालं नव्हतं, मावशी."

"खोली?"

"खोली होती. तू दिलेली किल्ली होती. तू म्हणालीस ते सगळं खरं होतं."

आयाबाईंनी डोळे मिटले. बाळाला थोपटत राहिल्या.

"उद्या पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "मला पटेपर्यंत रोज सांगायचं."